'सांध्याची हालचाल कमी' : एका वैद्यकीय संज्ञेचा अर्थविचार

आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूर हे मंडळाचे मुख्य गाव महाराष्ट्राच्या सीमेपासून फारसे दूर नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा त्या वेळच्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले. नार्नूरचा परिसर आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. राज्ये बदलली तरी माणसांची बोली बदलली नाही. या भागात घरी मराठी, गोंडी किंवा लंबाडी, कचेरीत तेलुगू, बाजारात प्रसंगानुसार दख्खनी आणि रुग्णालयाच्या कागदावर इंग्रजी, अशी भाषांची वाटणी आढळते. अशा ठिकाणी रुग्णाने उच्चारलेला शब्द कागदावर उतरेपर्यंत दोन-तीन भाषांतून जातो. त्या प्रवासात त्याचा अर्थ कितपत शाबूत राहतो, हा केवळ भाषाभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय नव्हे. अपंगत्वाचा दाखला, शस्त्रक्रियेची शिफारस, व्यायामोपचाराची मुदत या गोष्टी त्यावर अवलंबून असतात.

'रिड्यूस्ड जॉइंट मोबिलिटी' ही अशीच एक संज्ञा आहे. पोर्तुगीज भाषेत तिचे रूप 'मोबिलिदाद आर्तिकुलार रेदुझिदा' असे होते. मराठीत तिचा अनुवाद सामान्यतः 'सांध्याची हालचाल कमी होणे' असा केला जातो. अनुवाद चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. तो कोठे अपुरा पडतो हे पाहण्यासाठी मूळ संज्ञेतील तिन्ही शब्द सुटे करून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम 'जॉइंट'. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी 'जोडणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. संस्कृत 'युज्' हा त्याचाच भाऊबंद होय. मराठी 'सांधा' हा 'संधि' या शब्दापासून आला असून त्याचाही अर्थ जोड असाच आहे. पोर्तुगीज शास्त्रीय भाषेतील 'आर्तिकुलासांव' हा लॅटिनमधील सांधा या अर्थाच्या शब्दापासून सिद्ध झाला आहे. बोलीत मात्र तेथील लोक 'जुंता' म्हणजे जोड असाच साधा शब्द वापरतात. येथे एक गंमतीचा योग आहे. 'जुंता मेदिका' म्हणजे वैद्यकीय सांधा नव्हे, तर रुग्णास तपासून निर्णय देणारे वैद्यकीय मंडळ. म्हणजे ज्याची 'जुंता' दुखते त्याला दाखल्यासाठी पुन्हा 'जुंता'समोरच उभे राहावे लागते. या पहिल्या शब्दाबाबत तिन्ही भाषांत मतभेद नाही आणि त्यावर अधिक थांबण्याचे कारणही नाही.

घोटाळा होतो तो 'मोबिलिटी' या शब्दाने. इंग्रजीत हा शब्द दोन पातळ्यांवर वापरला जातो. सांध्याची मोबिलिटी म्हणजे दोन हाडांमध्ये घडू शकणारी हालचाल. माणसाची मोबिलिटी म्हणजे त्याचे हिंडणे-फिरणे, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याची क्षमता. पोर्तुगीजमध्ये तर 'मोबिलिदाद रेदुझिदा' एवढे दोनच शब्द लिहिले की तो कायद्याचा शब्द होतो. ब्राझीलच्या २००० सालच्या १०.०९८ क्रमांकाच्या कायद्यात अपंग व्यक्तींच्या जोडीने 'मोबिलिदाद रेदुझिदा' असलेल्या व्यक्तींचा विचार केला आहे. २०१५ च्या समावेशन कायद्याने त्यांत वृद्ध, गरोदर स्त्रिया, स्तनदा माता, कडेवर मूल असलेल्या व्यक्ती आणि स्थूल व्यक्ती यांचाही अंतर्भाव केला. या मंडळींचे सांधे उत्तम असू शकतात. उलट एखाद्याची कोपर पूर्णतः जखडलेली असूनही तो दहा कोस चालू शकेल. म्हणून 'आर्तिकुलार' हे विशेषण गाळले की संज्ञेचा विषयच पालटतो. मराठीतील 'हालचाल' हा शब्दही याच प्रकारचा आहे. 'आजोबांची हालचाल कमी झाली' असे म्हटले तर ते खाटेवरून फारसे उठत नाहीत असाच अर्थ निघतो, त्यांच्या गुडघ्याविषयी निश्चित असे काही कळत नाही. कागदावर नुसते 'हालचाल कमी' असे लिहिणे म्हणूनच धोक्याचे आहे.

'रिड्यूस्ड' या तिसऱ्या शब्दातही एक खोच आहे. सामान्य इंग्रजीत त्याचा अर्थ 'कमी झालेला' असा होतो. अस्थिशल्यचिकित्सेत मात्र निखळलेला सांधा पुन्हा जागी बसवण्याच्या क्रियेला 'रिडक्शन' म्हणतात, आणि पोर्तुगीजमधील 'रेदुसांव' या शब्दाचाही तोच उपयोग आहे. त्यामुळे एखाद्या टिपणात 'शोल्डर रिड्यूस्ड' असे असेल, तर खांद्याची हालचाल घटली असा अर्थ नसून खांदा बसवला असा अर्थ असतो. एक बिघाडाची नोंद, तर दुसरी उपचाराची. आपल्या गावठाणातील हाडवैद्याचा 'सांधा बसवणे' हा शब्दप्रयोग या बाबतीत इंग्रजीपेक्षा नि:संदिग्ध आहे. शिवाय 'कमी झाली' असे म्हणताना पूर्वी ती अधिक होती हे गृहीत धरलेले असते. जन्मतः पाऊल वाकडे असलेल्या बालकाच्या घोट्याची हालचाल 'कमी झालेली' नसते, ती मुळातच मर्यादित असते. इंग्रजीत अशा ठिकाणी 'लिमिटेड' आणि पोर्तुगीजमध्ये 'लिमितादा' हा शब्द अधिक चपखल बसतो.

नार्नूरच्या संदर्भात पोर्तुगीज भाषेचा विचार कशासाठी, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे पहिले उत्तर शाळेच्या क्रमिक पुस्तकातच सापडते. गुडघा आणि कोपर यांना मराठीत 'बिजागरीचा सांधा' म्हणतात. आदिलाबाद जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळा आहेत आणि मराठीतून शरीरविज्ञान शिकणाऱ्या मुलाला ही संज्ञा परिचित असते. दाराची ही 'बिजागरी' पोर्तुगीज 'बिसाग्रा' या शब्दावरून मराठीत आली आहे. पोर्तुगीज सत्ता गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत होती आणि चावी, बटाटा, पाव यांच्याबरोबर सुताराचा हा शब्दही देशावर पोचला. नवल असे की आज पोर्तुगीज शरीरशास्त्रात या सांध्याचे वर्णन करताना 'बिसाग्रा' नव्हे, तर 'दोब्रादिसा' हा बिजागरीचा दुसरा शब्द वापरतात. मराठीने जुना शब्द जपून ठेवला. तेलुगूतील 'कीलु' या शब्दाचे तर सांधा आणि बिजागरी असे दोन्ही अर्थ आहेत.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. गोव्यात १८४२ साली वैद्यकीय विद्यालय स्थापन झाले आणि पोर्तुगीज राजवट संपेपर्यंत तेथील वैद्यकीय व्यवहार पोर्तुगीजमधून चालला. म्हणजे मराठी व कोंकणी बोलणाऱ्या रुग्णांची दुखणी दीर्घकाळ पोर्तुगीज शब्दांत नोंदली गेली. याखेरीज कुष्ठरोगाच्या नव्या रुग्णांच्या संख्येत जगात भारताचा पहिला आणि ब्राझीलचा दुसरा क्रमांक लागतो. सांधे आखडण्याच्या प्रश्नाशी या दोन देशांचा सारखाच निकटचा संबंध आहे. ब्राझीलने १९९५ च्या कायद्याने सरकारी लिखाणातून 'लेप्रा' हा शब्द काढून 'हान्सेनियाझ' हा शब्द रूढ केला. मराठीतही 'महारोग' मागे पडून 'कुष्ठरोग' आला. नावातील डंख काढण्याची ही धडपड दोन्हीकडे सारखीच दिसते.

आता लोकभाषेकडे वळू. 'मान धरली', 'पाठ धरली', 'गुडघा धरला' हे मराठीतील नेहमीचे प्रयोग. कोणीतरी अवयव पकडून ठेवला आहे, सोडत नाही, अशी त्यामागील कल्पना आहे. तेलुगूतही मान अवघडली की 'मेड पट्टेसिंदि' म्हणतात. तेथेही पकडण्याचीच क्रिया आहे. आयुर्वेदातील 'हनुग्रह' या शब्दातील 'ग्रह' म्हणजेही पकडणे. 'मन्यास्तंभ' या शब्दात मान खांबासारखी ताठ होण्याची प्रतिमा आहे, तर 'संकोच' या शब्दात आखडण्याची. एकाच अनुभवाकडे पाहण्याच्या या तीन दृष्टी आहेत: पकडले जाणे, ताठणे आणि आखडणे. त्या एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत, आणि आधुनिक वैद्यकाने केलेले भेदही त्यांच्याशी बऱ्याच अंशी जुळतात.

इंग्रजीत 'स्टिफ' सांधा म्हणजे हलतो, पण हलवताना अडतो असा सांधा. सकाळी उठल्यावर बोटे वळत नाहीत आणि तासाभराने वळू लागतात, ती ही ताठरता. पोर्तुगीजमध्ये तिला 'रिजिदेझ' म्हणतात. परंतु कंपवातात स्नायूंना येणारा जो ताठपणा इंग्रजीत 'रिजिडिटी' या वेगळ्या शब्दाने ओळखला जातो, त्यालाही पोर्तुगीजमध्ये 'रिजिदेझ' हाच शब्द आहे. पहिल्यात दोष सांध्यात असतो, दुसऱ्यात मेंदूत. त्यामुळे तेथे 'आर्तिकुलार' हे विशेषण जोडावेच लागते. 'कॉन्ट्रॅक्चर' म्हणजे त्वचा, स्नायू वा सांध्याचे वेष्टन आखूड झाल्याने सांधा एका मर्यादेपलीकडे उघडतच नाही ती अवस्था. तिला 'आखडणे' हा शब्द नेमका आहे. 'अँकिलोसिस', पोर्तुगीजमध्ये 'आंकिलोझ', म्हणजे दोन हाडे जणू एकच होऊन सांधा नाहीसा होणे. या शब्दाच्या मुळाशी 'वाकडा' असा ग्रीक अर्थ आहे, पण आज तो अर्थ उरलेला नाही. सांधा सरळ स्थितीत जखडला तरी त्यास अँकिलोसिसच म्हणतात. मराठीत येथे 'जखडणे' योग्य ठरेल. ताठरलेला, आखडलेला आणि जखडलेला हे तीन शब्द प्रत्येक मराठी भाषकाच्या तोंडी आहेत. त्यांना ठरावीक अर्थ दिले, तर नवीन संस्कृतप्रचुर परिभाषा घडवण्याची गरज फारशी उरत नाही. 'फ्रोझन शोल्डर' ही संज्ञा अमेरिकन शल्यचिकित्सक कॉडमन यांनी १९३४ मध्ये रूढ केली. पोर्तुगीजांनी तिचे 'ओंब्रो कोंजेलादो' केले आणि मराठी वृत्तपत्रांनी 'गोठलेला खांदा'. बर्फाशी परिचय नसलेल्या मुलखात हा गोठलेला खांदा उपराच वाटतो. 'खांदा आखडला' म्हटले की नार्नूरच्या बाजारातही समजते.

यापुढचा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. सांधा रुग्णाला स्वतःला हलवता येत नाही, की दुसऱ्याने हलवला तरी हलत नाही? इंग्रजीत पहिल्या हालचालीस 'ॲक्टिव्ह' व दुसरीस 'पॅसिव्ह' म्हणतात. पोर्तुगीजमध्येही 'आतिवा' व 'पासिवा' असे तेच शब्द आहेत. मराठीत 'स्वतःची हालचाल' आणि 'हलवून पाहिलेली हालचाल' असे म्हणावे. कुष्ठरोगात कोपराजवळील मज्जातंतूला इजा झाली की पंजातील बारीक स्नायू लुळे पडतात आणि करंगळी व अनामिका पंजासारख्या वाकतात. इंग्रजीत या अवस्थेला नखरी पंज्याची उपमा देतात आणि पोर्तुगीजमध्येही 'गारा' म्हणजे पंजाच. आरंभी ही बोटे रुग्णाला सरळ करता येत नसली, तरी दुसऱ्या हाताने सहज सरळ होतात. अर्थात येथे दोष स्नायूंचा आहे, सांधे मोकळेच आहेत. दुर्लक्ष झाले तर त्वचा आणि सांध्याची वेष्टने आखूड होतात आणि बोटे कोणीही उघडली तरी उघडत नाहीत. आता सांध्याची हालचाल खरोखर कमी झाली.

या दोन अवस्थांतील अंतर रुग्णाच्या आयुष्याचे अंतर आहे. डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८ पासून वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांच्या हातांवर स्नायुबंध बदलण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. अशा शस्त्रक्रियेसाठी सांधे मोकळे असणे आवश्यक असते. सांधे आखडले असतील, तर आधी तेलपाणी, मालीश, व्यायाम आणि फळ्या बांधणे यांनी ते सोडवावे लागतात, आणि ते नेहमी साधतेच असे नाही. दोन्ही अवस्थांची नोंद 'बोटे वाकडी, हालचाल कमी' अशी एकाच वाक्यात केली, तर शस्त्रक्रियेने सुधारू शकणारा हात आणि तशी आशा कमी असलेला हात कागदावर सारखेच दिसतात. वरोऱ्याच्या आनंदवनाकडे पाहत वाढलेल्या या सीमाभागाला आखडलेल्या बोटांची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. शब्दांचा हा भेद मात्र सांगावा लागतो.

आता 'कमी' म्हणजे कशापेक्षा कमी? सांध्याची हालचाल अंशांत मोजतात. त्यासाठी दोन पट्ट्यांचा कोनमापक वापरला जातो. अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीने १९६५ मध्ये मोजणीची पद्धत पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. तीत शरीराची सरळ उभी स्थिती शून्य अंश मानली आहे. या पद्धतीने गुडघा शून्यापासून सुमारे १३५ अंशांपर्यंत वाकतो असे सामान्यतः धरतात. सपाट जमिनीवर चालण्यास साठ-सत्तर अंश पुरतात. जिना चढण्या-उतरण्यास आणि खुर्चीवरून उठण्यास नव्वद ते शंभरच्या आसपास लागतात. म्हणून शंभर-एकशे दहा अंश वाकणारा गुडघा युरोपीय राहणीत बराच उपयोगी ठरतो. परंतु उकिडवे बसण्यासाठी १३० अंशांहून अधिक वाकण्याची गरज असते. चुलीपुढे बसणारी, जमिनीवर बसून जेवणारी, उकिडवे बसून निंदणी करणारी आणि शौचासही तसेच बसणारी स्त्री शंभर अंशांच्या गुडघ्याने दिवसातून अनेकदा अडते. कागदावर तिची हानी पस्तीस अंशांची असते, पण प्रत्यक्षात ती जमिनीपासूनच तुटलेली असते. पाश्चात्य पुस्तकातील 'किंचित कमी' हे विशेषण तिच्या बाबतीत जसेच्या तसे उचलणे न्याय्य नाही. तपासणाऱ्याने 'उकिडवे बसता येते काय, मांडी घालता येते काय' हे दोन प्रश्न विचारून उत्तर लिहून ठेवले, तर अंशांच्या आकड्याला अर्थ येतो.

अपंगत्वाच्या मोजणीतही हाच शब्द भेटतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाखाली निदान ४० टक्के अपंगत्व असल्यास अनेक सवलती मिळतात. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पायाचे मूल्यमापन करताना 'मोबिलिटी' आणि 'स्टॅबिलिटी' असे दोन घटक पाहिले जातात. येथे 'मोबिलिटी' या घटकात सांध्याच्या हालचालीची व्याप्ती आणि स्नायूंची शक्ती या दोन्ही गोष्टी येतात, आणि तोल व उभे राहणे 'स्टॅबिलिटी'त मोडते. म्हणजे शब्दाचा हा तिसरा अर्थ झाला. तो ना निव्वळ सांध्याचा आहे, ना हिंडण्या-फिरण्याचा. वेदनेला या मोजणीत वेगळे स्थान आहे. दुखतो पण पूर्ण वाकतो तो गुडघा 'हालचाल कमी' या सदरात बसत नाही, आणि मुळीच न दुखणारा पण न वाकणारा गुडघा निश्चित बसतो. शिबिरात रुग्ण 'लई दुखते' एवढेच सांगून थांबतो आणि वाकत नाही हे सांगायचे राहून जाते, असे घडू नये.

सांधे मोकळे आहेत की नाहीत याची प्राथमिक पारख कोणालाही करता येईल, इतक्या सोप्या काही चाचण्या आहेत. नमस्कार करताना दोन्ही तळवे व बोटे पूर्ण चिकटत नसतील, मध्ये पोकळी राहत असेल, तर दीर्घकाळच्या मधुमेहात बोटांचे सांधे आखडल्याची ती खूण असू शकते. इंग्रजीत तिला प्रार्थनेची खूण म्हणतात, आणि १९७४ मध्ये अमेरिकेत मधुमेही मुलांच्या तपासणीतून या प्रकाराकडे विशेष लक्ष वेधले गेले. पिण्याच्या पाण्यातील अधिक फ्लोराइडमुळे हाडे व सांधे निबर होण्याचा विकार भारतात प्रथम १९३७ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातून नोंदवला गेला. तेलंगणात नलगोंडा आणि महाराष्ट्रात चंद्रपूर व यवतमाळ या जिल्ह्यांतील काही गावांना त्याचा उपद्रव झाला आहे. भारतीय मानकानुसार पाण्यात फ्लोराइड दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. या विकाराच्या पाहणीत तीन हालचाली करून घेतात: गुडघे न वाकवता खाली वाकून पायाची बोटे शिवणे, हनुवटी छातीला टेकवणे, आणि हात बाजूला पसरून मग कोपरात वाकवून डोक्याच्या मागे नेणे. तीन्ही जमत नसतील तर पाण्याची तपासणी करून घ्यावी. औषधापेक्षा पाणी बदलणे येथे अधिक महत्त्वाचे असते.

एवढे भेद ध्यानात घेतल्यावर नोंद कशी असावी हे सांगणे अवघड नाही. 'गुडघ्याची हालचाल कमी' याऐवजी 'उजवा गुडघा शून्य ते शंभर अंश वाकतो, हलवून पाहिले तरी त्यापुढे जात नाही, प्लास्टर काढल्यानंतर तीन महिन्यांपासून, उकिडवे बसता येत नाही' असे लिहावे. यात कोणता सांधा, कोणत्या दिशेने, किती, कोणाच्या प्रयत्नाने, केव्हापासून आणि कोणते काम अडते, हे सारे आले. हे वाक्य उटनूरला तेलुगूत सांगितले, आदिलाबादच्या रुग्णालयात इंग्रजीत उतरवले किंवा लिस्बनमध्ये पोर्तुगीजमध्ये वाचले, तरी त्यातून एकच गुडघा डोळ्यांपुढे उभा राहील.